म्हसोबाच्या वळणावरचे दगड

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही — देवाजवळ तर मुळीच नाही, कारण त्याच्याच डोंगरावर मी ते केलं आणि तो तिथेच होता. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच. ओळखीच्या माणसाला सांगितलं की तो लगेच समजूत घालायला बसतो, आणि मला समजूत घालणाऱ्यांचा मनस्वी राग आहे.

लातूरकडची जुनी माणसं मला 'डोंगरवाटांच्या बाई' म्हणून ओळखतात. शाल, नारळ, जिल्ह्याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची — सगळं मिळालं. कितीतरी मे महिन्यांच्या सुट्ट्या मी डोंगरात घालवल्या, आणि माझ्यामागे येऊन कितीतरी माणसांनी घालवल्या. शिक्षक, बँकेतले लोक, कॉलेजची पोरंपोरी. सुट्टीत मामाच्या गावाला जायचं सोडून कुदळ-फावडं घेऊन यायची, आठवडाभर वाट दुरुस्त करायची आणि हाताचे फोड घरी जाऊन दाखवायची. मला ती माणसं फारशी आवडायची नाहीत, हेही आज सांगून टाकते. फोडांचं कौतुक करून घेणारी माणसं! पण मी त्यांच्यापुढे गोड हसायचे आणि त्यांना सांडवे कसे बांधायचे ते शिकवायचे.

सांडवा म्हणजे काही मोठं नाही. डोंगरातली पायवाट कशानं मरते? माणसांच्या पायांनी नाही, पाण्यानं. वरून आलेलं पाणी वाटेलाच ओढा समजतं आणि उभं धावत सुटतं. मग ठरावीक अंतरावर वाटेत तिरपी दगडांची ओळ बसवायची — चपटे, जड दगड, निम्मे जमिनीत गाडलेले. पाणी त्या ओळीला अडतं आणि कडेला उतरतं. एवढंच. मी शेकडो लोकांना हे शिकवलं. आणि 'बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?' असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, अनुभवानं.

खोटं. मला रत्नमालानं शिकवलं.

आता थोडं मागं जाते. जायलाच हवं, नाहीतर तुम्ही मला बरी बाई समजाल.

लातूर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आजच्या पोरांना त्या दिवसांची हवा कळायची नाही. आधी साध्या कागदासाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागायची. आता कचेऱ्या आमच्या दारात आल्या होत्या. दुकानांच्या पाट्यांवर 'ता.' खोडून 'जि.' रंगवलं जात होतं. ज्याला त्याला वाटायचं, आपल्या जिल्ह्याचं काहीतरी असलं पाहिजे. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आमचे बिराजदार सर — शाळेतून निवृत्त झालेले, पांढरं धोतर, पायात कॅनव्हासचे बूट — त्यांच्या डोक्यात आलं की लोक गड चढायला पार सह्याद्रीत जातात, मग आपल्या बालाघाटानं काय घोडं मारलंय? अहमदपूरकडच्या अंगाला एक डोंगर आहे. वर महादेवाचं दगडी देऊळ, देवळासमोर बारव — पायऱ्यांची जुनी विहीर — आणि पायथ्याच्या गावातून वर जाणारी एकच वाट. ती वाट नीट करायची, तिला 'जिल्ह्याची पहिली डोंगरवाट' म्हणायचं, आणि सुट्टीत शिबिरं घ्यायची. मंडळ निघालं. मी शिबिरप्रमुख झाले.

आणि त्याच वर्षी दुष्काळ. पायथ्याच्या गावातल्या विहिरी मार्चमध्येच तळाला गेल्या. पाणी उरलं होतं ते फक्त डोंगरावरच्या बारवेत. म्हणजे ज्या वाटेला आम्ही सुट्टीची हौस म्हणत होतो, तीच वाट गावातल्या बाया दिवसातून दोन-तीनदा घागरी घेऊन चढत-उतरत होत्या. आम्ही गावातल्या शाळेच्या खोल्यांत राहायचो, भाकरी-पिठलं खायचो, अंघोळीचं नाव काढायचं नाही असा नियम होता. मला तो नियम करताना मोठं समाधान वाटलं होतं. नियम करायला मला नेहमीच आवडतं.

रत्नमाला त्या शिबिरात आली. मूळची भोकरची, नांदेड जिल्ह्यातली. आमच्याकडे नव्या निघालेल्या एका सरकारी कचेरीत तिला नोकरी लागली होती. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. ठसठशीत, काळीसावळी, मोठ्यानं हसणारी. बौद्ध. आम्ही लिंगायत, बाजारात कापडाचं दुकान. आमच्या घरात जातपात पाळत नाहीत असं आम्ही चारचौघांत आवर्जून सांगायचो. आवर्जून सांगणाऱ्या घरांत काय असतं, ते तुम्हाला माहीत असेलच.

ती मला पहिल्या दिवसापासून डोळ्यात खुपली. का? तिनं माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. पण मी कुदळीवर टेकून लोकांना कामं वाटायचे, आणि लोक तिच्याकडे बघून हसायचे. मी एक म्हटलं की ती दोन म्हणायची. आणि दोन म्हटलेलं बरोबर असायचं — ते जास्त वाईट. आमच्याकडे कुणी नवीन बाई आली की ती आधी थोडी दबून असते, विचारून करते. हिला दबणं माहीतच नव्हतं. मला वाटायचं, हिनं थोडं तरी दबायला हवं. कशासाठी दबायला हवं, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर कळलं असतं.

सांडव्यांची गोष्ट तिनंच काढली. आम्ही वाटेतली झुडपं काढत होतो, सैल दगड बाजूला करत होतो, पायऱ्या बसवत होतो. ती म्हणाली, "आमच्या भोकरकडं आधी पाण्याचं बघतेत. पाण्याला वाट करून दिली की माणसाची वाट आपसूक राहते." मी हसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "इथं प्यायला पाणी नाही आणि ही पाण्याला वाट करून देऊन राहिलीय!" लोक खळखळून हसले. तीही हसली आणि म्हणाली, "तुमच्या लातूरला पाऊसच ठाऊक न्हाई बाई, तुमचा काय दोष." मग लोक आणखी मोठ्यानं हसले. या वेळी माझ्यावर.

एवढ्यानं? — असं तुम्ही म्हणाल. हो, एवढ्यानंच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हाला कधी कुणाच्या हसण्याचा इतका राग आला नसेल, तर तुम्ही नशीबवान आहात, किंवा खोटारडे.

बिराजदार सरांनी तिला सांडवे बांधू दिले. तिनं चार-पाच पोरं हाताशी घेतली, डोंगराच्या उतारावरून चांगले चपटे दगड निवडून आणले आणि एकेक ओळ बसवत गेली. सगळ्यात अवघड जागा म्हणजे म्हसोबाचं वळण. तिथं वाट कड्याच्या कडेनं वळते, खाली खोल घळ. तिथला सांडवा तिनं दोनदा उकरून पुन्हा बसवला. वाटेची बाहेरची कड धरून ठेवायला खालून दगडांचा धरही तिनंच रचला. काम सुरेख झालं होतं. मी ते बघितलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

माझ्याकडे काय काम होतं? कट्टा. शिबिराच्या शेवटी जिल्ह्याचे मोठे साहेब वाटेचं उद्घाटन करायला येणार होते. वर देवळाजवळ, जिथं वाट संपते तिथं, त्यांना बसायला आणि भाषण करायला दगडी कट्टा हवा असं मीच सुचवलं होतं. मंडळाच्या नावाचा दगडही तिथंच बसवायचा होता. कट्टा माझा, मागणी माझी, आणि तो काही केल्या नीट होईना. गोल गोटे एकमेकांवर बसत नव्हते. चांगले चपटे दगड जवळपास उरलेच नव्हते — सगळे सांडव्यांत गेलेले. सर म्हणाले, रत्नमालाकडे थोडे मागून बघा. मला तिच्याकडे मागायला लावलं! मी गेले. माझ्या वर्गातल्या आवाजात, शिबिरप्रमुख म्हणून सांगते आहे अशा थाटात म्हटलं, म्हसोबाच्या वळणावरचे थोडे दगड दे, तिथं जास्तच लावलेत तू.

ती पहार टेकून उभी राहिली. "ते द्यायचे न्हाईत बाई. साहेब खुर्चीवर बी बसतील. पाणी कुठं खुर्ची मागायला येतंय?"

पोरं फिदीफिदी हसली. मी परत आले. सरांना म्हटलं, तिच्याकडे जास्तीचे नाहीत.

इथवर सगळं सांगायला सोपं होतं. आता पुढचं. मघापासून मी घोटाळते आहे ना? हात थांबतो आहे. काल याच ठिकाणी लिहिणं बंद करून मी स्वयंपाकघर आवरत बसले. आवरण्यासारखं काही नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे शाळेत आडवे झाले होते. मे महिन्यातलं ऊन, डोंगरावर चिटपाखरू नव्हतं. पाण्याच्या बायाही त्या वेळी चढत नसत. मी एक पहार आणि एक घमेलं घेतलं आणि म्हसोबाच्या वळणावर गेले. सांडव्याचे मधले दगड पहारीनं उचकटले. मग बाहेरच्या कडेचा धर — त्यातले खालचे, सगळ्यात मोठे, सगळ्यात चपटे दगड काढले. जड होते. एकेक करून वर नेले. किती खेपा झाल्या ते आठवत नाही. छाती फुटायची वेळ आली होती, तरी मी थांबले नाही. नंतर भोकांत मुरूम आणि माती भरली, पायानं दाबली, वर सपाट केलं आणि बाभळीच्या काटक्या पसरल्या. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. संध्याकाळी मी ते दगड कट्ट्यात मातीच्या गाऱ्यात बसवले, बाहेरून चुना मारून घेतला. सर म्हणाले, वा, बाई, काय बसलाय कट्टा! मी म्हटलं, खालच्या ओढ्यातून आणले.

मला माहीत नव्हतं का? मी भूगोलाची शिक्षिका. पाणी माती कशी नेते हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवायचे. धर काढल्यावर कड उभी राहत नाही, हे मला माहीत होतं. मी स्वतःला म्हटलं, पाऊस कुठं पडतोय. पण खरं सांगू? मला पाऊस पडायला हवा होता. तिचा सांडवा वाहून जावा, तिच्या हसण्यावर पाणी पडावं, सगळ्यांनी बघावं — हे मला हवं होतं. कुणी पडावं असं काही माझ्या मनात नव्हतं, असं पुढं लिहिणार होते. पण त्या वाटेनं रोज बाया डोक्यावर घागरी घेऊन जातात हे मला रोज दिसत होतं. मग मनात नव्हतं म्हणजे काय? मी त्यांचा विचारच केला नाही. त्या माझ्या हिशेबात नव्हत्या.

उद्घाटन थाटात झालं. साहेब कट्ट्यावर बसले, भाषण केलं, नव्या जिल्ह्याची नवी वाट वगैरे. माझ्या गळ्यात हार पडला. रत्नमाला मागं पोरांबरोबर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

शिबिर संपून आठवडा झाला असेल. एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. गारा, वादळ, तासभर धो-धो. गाव आनंदानं बाहेर आलं म्हणे. पण वळवाच्या पाण्यानं विहिरी भरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया नेहमीप्रमाणे घागरी घेऊन वर निघाल्या. गोदाकाकू — गावातली साठीची बाई, कडक, कुणाचं न ऐकणारी — भरलेली घागर घेऊन उतरत होती. म्हसोबाच्या वळणावर तिच्या पायाखालची कड गेली. ती घळीत पडली. बाकीच्या बायांनी लुगड्यांना लुगडी बांधून तिला वर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. बैलगाडीतून अहमदपूर, तिथून लातूरचा सरकारी दवाखाना. ती जगली. पण त्यानंतर ती काठीशिवाय कधी उभी राहिली नाही, आणि डोंगर तर तिला अंगणातूनच बघावा लागला.

गावात मारुतीच्या पारावर बैठक झाली. लोक चिडलेले होते, आणि चिडण्यात काही चूक नव्हती. वाट चांगली होती, तुम्ही शहरातले येऊन बिघडवली, असं त्यांचं म्हणणं. बिराजदार सर कपाळाला हात लावून बसले होते. सरपंचानं विचारलं, ते वळण कुणी बांधलं? रत्नमाला उभी राहिली. म्हणाली, मी. एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळून सरपंचानं विचारलं, तुम्ही प्रमुख हाव ना, तुम्ही बघितलं न्हाई?

तो क्षण माझा होता. अजून काही बिघडलं नव्हतं — म्हणजे गोदाकाकूचं हाड मोडलं होतं, पण बाकीचं माझ्या तोंडात होतं. मला फक्त खरं बोलायचं होतं, किंवा निदान गप्प बसायचं होतं. मिठाची गुळणी धरून बसले असते तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "मी रत्नमालाला सांगितलं होतं, इथले दगड नीट बसलेले नाहीत, कड राहायची नाही. तिनं ऐकलं नाही."

किती सहज आलं ते वाक्य! अडखळलेसुद्धा नाही. आणि ते लोकांना पटलं किती लवकर — तेही मला आधीच माहीत होतं. कापडवाल्यांची शिकलेली मुलगी सांगते आहे, आणि समोर कोण आहे? मागून एक जण बोलला, "असल्या लोकायच्या हातात काम दिल्यावर दुसरं काय व्हायचं!" दोघं-तिघं हसले. बिराजदार सरांनी मान खाली घातली. मी ते ऐकलं आणि माझ्या पदराची किनार नीट करत राहिले.

रत्नमालानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आठवत असल्यासारखं. कपाळाला आठ्या घालून ती आपल्याच मनात काहीतरी शोधत होती. मग हळूच म्हणाली, "मला ध्यानात न्हाई बाई."

"तुला कुणाचं ऐकायची सवयच नाही," मी म्हटलं.

बैठकीनंतर ती एकटी घळीत उतरली. मी वर उभी होते. सरांनी मला तिच्यावर लक्ष ठेवायला पाठवलं होतं. ती खाली दगड शोधत होती. "एवढे जड दगड व्हते," ती वर बघून ओरडली, "खाली तर पडलेले दिसायला पायजेत ना?" ती बरोबर विचारत होती. आणखी थोडी हुशारी, थोडा संशय, आणि ती कट्ट्यापाशी आली असती. मी वरून म्हटलं, वाहून गेले असतील, पाणी काय थोडं होतं? तिनं उन्हात बराच वेळ शोधलं. मग दमून वर आली आणि देवळापर्यंत चढून त्याच कट्ट्यावर बसली. तिथं ती रडली. मोठ्यानं हसणारी बाई मोठ्यानंच रडली. म्हणाली, "बसवलेच नसतील मी नीट. घाई केली असंल." मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्याच दगडांवर बसून.

त्या स्पर्शाची मला आज जेवढी किळस येते तेवढी दुसऱ्या कशाची येत नाही.

पुढं काय झालं? ती दर रविवारी एसटीनं त्या गावाला जायला लागली. गोदाकाकूच्या घरचं पाणी भरायची. काकूच्या सुनेला दिवस गेलेले होते, वर चढणारं दुसरं कुणी नव्हतं. सरकारी नोकरीतली बाई डोक्यावर घागर घेऊन डोंगर उतरायची आणि गाव बघायचं. गोदाकाकू तिला म्हणायची, "पोरी, तू कामून जिवाला लावून घेऊन राहिलीस? पाय माझा घसरला." ती ऐकायची नाही. दुष्काळ सरेपर्यंत तिनं ते केलं. मला हे सगळं बिराजदार सर सांगायचे, कौतुकानं. मी म्हणायचे, करायलाच पाहिजे तिनं.

मंडळाच्या पुढच्या शिबिराला तिला कुणी बोलावलं नाही. बोलावू नका असं मी म्हटलं नव्हतं. फक्त गावकऱ्यांना आवडणार नाही, असं म्हटलं होतं. थोड्या दिवसांनी तिनं नांदेडकडे बदली मागून घेतली. आणि मी? मी म्हसोबाचं वळण पुन्हा बांधून घेतलं. तिच्या पद्धतीनं, तिरपा सांडवा, खालून धर. ते टिकलं. लोक म्हणाले, बाईंनी वाट वाचवली. तिथून माझं नाव झालं. रेणापूरकडच्या टेकडीवर, कंधारच्या बाजूला, जिथं जिथं शिबिरं झाली तिथं मी तेच शिकवत गेले. कट्टा अजून आहे. लोक त्यावर बसून फोटो काढतात.

मी कधी सांगायला निघाले होते का? एकदा. बिराजदार सर शेवटच्या आजारात होते तेव्हा. त्यांच्या खाटेजवळ बसून तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "तुमच्यासारखी सचोटीची माणसं मिळाली म्हणून मंडळ चाललं." मला बरं वाटलं. हो — बरं वाटलं. मी त्यांना मोसंबीचा रस पाजला आणि घरी आले.

दोन वर्षांपूर्वी नांदेडला एका लग्नाला गेले होते. शिबिरातल्या एका जुन्या मुलीच्या मुलीचं लग्न. मांडवात एक बाई समोर येऊन उभी राहिली. पांढरे केस, जाड चष्मा, कडेवर नात. "बाई, वळखलं का?" आवाजावरून ओळखलं. हसणं मात्र ते नव्हतं; आताचं ओठांवरचं, माफक.

नातीला तिनं कुणाकडे तरी दिलं आणि माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. इकडचं तिकडचं झालं. निवृत्त झाली, भोकरला घर बांधलं, मुलगा शिक्षक आहे. मी विचारलं, डोंगरात जातेस का कधी? म्हणाली, न्हाई, त्यानंतर कधी दगडाला हात लावला न्हाई. घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा मुलगा म्हणायचा, आई, जरा गवंड्याकडे लक्ष दे. ती म्हणे बाहेरच जायची नाही. आपण सांगू आणि चुकीचं सांगू, आणि उद्या भिंत कुणाच्या अंगावर येईल, अशी भीती वाटायची. मुलाला कधी कारण कळलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "बाई, इतक्या वर्षांचं मनात हाय, आज बोलते. तुम्ही मला सांगितलं व्हतं. त्या बैठकीत मला आठवलं न्हाई, पण मागाहून सगळं आठवलं. तुम्ही वळणाच्या वरल्या अंगाला उभ्या व्हत्या, डोक्यावर पदर, उन्हाला हात आडवा धरून. म्हणल्या, रत्नमाला, हे दगड हलतेत, बघ. लई मायेनं म्हणल्या. अन् मी हसले तुम्हाला. गुर्मी व्हती बाई मला. गोदाकाकूचा पाय माझ्या गुर्मीनं गेला."

मी तिथं कधी उभी नव्हते. मी असं कधी म्हटलं नव्हतं. मायेनं तर जन्मात नाही. ते ऊन, तो पदर, तो हात — तिचं तिनं सगळं तयार केलं होतं, माझं एक वाक्य खरं करण्यासाठी. इतकी वर्षं ती ते बघत जगली होती.

ती हात जोडून माझ्याकडे बघत होती. आजूबाजूला वाजंत्री चालू होती, पण आम्हाला एकमेकींचं नीट ऐकू येत होतं. मी निरोगी होते, शुद्धीत होते, कुणी माझं तोंड धरलं नव्हतं.

मी तिचे जोडलेले हात हातात घेतले आणि म्हटलं, "जाऊ दे रत्नमाला. मी तुला केव्हाच माफ केलंय."

तिचे डोळे भरून आले. "आज मोकळी झाले बाई," ती म्हणाली. मग तिनं चष्मा पुसला, नातीला परत कडेवर घेतलं आणि पंगतीत जाऊन बसली.